बँकॉकला पहिल्यांदा निघालाय? देवळं सकाळी, एसी दुपारी, बाकी शहर अंधार पडल्यावर

बँकॉकला जातोय म्हटलं की आपल्याकडे अर्धे लोक डोळा मारतात आणि उरलेले अर्धे विचारतात, तिकडून काय आणणार. टूरवाल्यांच्या पॅकेजात पट्टाया, कोरल आयलंड, सफारी वर्ल्ड आणि एक सक्तीची जेम्स गॅलरी असं सगळं कोंबलेलं असतं, खुद्द बँकॉकच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो आणि तोही बसच्या खिडकीतून. ज्यांना स्वतःचं स्वतः फिरायचंय, पहिल्यांदाच जाताय, घरचे सोबत आहेत किंवा चार मित्र आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करा. नकाशा बघून प्लॅन करू नका, घड्याळ बघून करा. अकरा वाजले की ऊन असं काही चढतं की मार्बलच्या अंगणात अनवाणी उभं राहवत नाही, राजवाड्याची तिकीटखिडकी साडेतीनला बंद, आणि रस्त्यावरची मजा सुरू होते ती सहानंतर. त्यामुळे जो हॉटेलचा फुकट नाश्ता चेपून दहाला आरामात बाहेर पडतो त्याला देवळं पण धड दिसत नाहीत आणि रात्रीसाठी अंगात जीवही उरत नाही.

पायरी १: निघायच्या आधी

व्हिसाचं काय? जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना विनाव्हिसा ६० दिवसांची सवलत मिळाली होती, पण हे नियम तिकडे वरचेवर बदलतात, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाची साइट एकदा बघाच, तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मेव्हण्याला विचारू नका. दुसरं म्हणजे १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. गुगलवर वरती जाहिरातीत दिसणाऱ्या आणि डॉलर मागणाऱ्या साइट वेगळ्या, त्यांच्या नादी लागू नका. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग मोबाइलमध्ये ठेवा, थोडी रोख जवळ असू द्या, इमिग्रेशनवाला क्वचित विचारतो पण विचारलं तर असलेलं बरं.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारी-फेब्रुवारीत कधीकधी हवा धुरकट असते, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मास्क ठेवावा. एप्रिलमध्ये मरणाचं ऊन, पण १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान म्हणजे त्यांचं नववर्ष, अख्खं शहर पिचकाऱ्या घेऊन रस्त्यावर, २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत पण गेलंय, तरुण असाल तर त्यासाठी ऊन सोसायला हरकत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरला पाऊस, रस्ते तुंबतात. मुंबईकरांना त्यात नवीन काही वाटणार नाही.

पैशाचा हिशोब सोपा ठेवा, एक बाथ म्हणजे तीन रुपये धरा. प्रत्यक्षात थोडं कमी पडेल, पण घरी आल्यावर कार्डाचं बिल बघून धक्का बसत नाही. तिथल्या एटीएममधून परदेशी कार्डावर दर वेळी साधारण २२० बाथ कापले जातात, म्हणून थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा, किंवा इथून डॉलर नेऊन शहरातल्या एक्सचेंजवर बदला. विमानतळाच्या वरच्या मजल्यांवरचे रेट वाईट असतात, तळघरात रेल्वे स्टेशनपाशी जे काउंटर आहेत तिथे बरे मिळतात.

पायरी २: विमानतळ ते हॉटेल

मुंबईहून थेट विमानाने साडेचार तासांच्या आसपास लागतात आणि घड्याळ दीड तास पुढे करायचं. बरीच विमानं रात्रीची निघून पहाटे पोचवतात, आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला, तर मधल्या वेळात करायचं काय हे आधीच ठरवा. बॅगा रिसेप्शनवर टाका, तोंड धुवा आणि जवळच्या एखाद्या बागेत जा. लुंपिनी पार्कमध्ये सकाळी म्हातारी मंडळी व्यायाम करत असतात आणि तळ्याच्या काठाने हातभर काय, पुरुषभर लांबीच्या घोरपडी निवांत फिरत असतात, पोरं एकदम खूश होतात. त्रास देऊ नका, त्याही देत नाहीत.

बँकॉकला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग, तुमचं विमान कुठे उतरतंय आणि परतीचं कुठून आहे हे नीट बघा. सुवर्णभूमीहून एअरपोर्ट रेल लिंक फया थाई स्टेशनपर्यंत साधारण अर्ध्या तासात नेते, भाडं जास्तीत जास्त ४५ बाथ. पहाटे साडेपाच ते मध्यरात्री. चौघं असाल आणि बॅगा असतील तर सरळ टॅक्सी करा, पहिल्या मजल्यावर मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, त्यावर गाडीचा नंबर असतो, मीटर ३५ बाथपासून सुरू होतो, वर विमानतळाचे ५० बाथ आणि टोल तुमचा. ड्रायव्हर मीटर सोडून गोळा रक्कम सांगायला लागला तर हसून "मीटर" एवढंच म्हणा. आत अरायव्हल हॉलमध्ये "टॅक्सी टॅक्सी" करत येणाऱ्यांकडे बघूच नका.

पायरी ३: राहायचं कुठे

एकच नियम, बीटीएस किंवा एमआरटी (इथल्या दोन मेट्रो) स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. बाकी हॉटेलला स्विमिंग पूल आहे की नाही हे नंतर. ह्या शहराचं ट्रॅफिक पुण्याच्या माणसालाही रडवेल, संध्याकाळी चार किलोमीटरला तास लागू शकतो, आणि जिना चढून ट्रेनमध्ये बसलं की तोच प्रवास दहा मिनिटांचा. सुखुमवित भागात अशोक, फ्रोम फोंग, थाँगलोर ही स्टेशनं सोयीची. देवळं आणि नदी जवळ हवी असेल तर सनाम चाय किंवा वाट मंगकोन (वाट म्हणजे देऊळ) स्टेशनचा परिसर, तिथे जुन्या घरांची छोटी हॉटेलं झालीयेत. प्रतुनाम आपल्या लोकांचं आवडतं कारण होलसेल कपडे आणि भारतीय हॉटेलं, पण स्टेशनपासून जरा लांब पडतं. खाओसान रोडवर रात्री झोप लागत नाही, तिथे जाऊन या, राहू नका.

पायरी ४: फिरायचं कसं

बीटीएस म्हणजे वरून जाणारी ट्रेन, १९९९ पासूनची, आणि एमआरटी मुख्यतः जमिनीखालची, २००४ पासूनची. दोघांची तिकिटं वेगळी, हा घोळ पहिल्या दिवशी सगळ्यांचा होतो. एमआरटीच्या निळ्या लाइनला विसा किंवा मास्टरकार्डचं टॅपवालं कार्ड थेट गेटवर चालतं, बीटीएसला रॅबिट कार्ड घ्या, पासपोर्ट दाखवावा लागतो.

पण खरी मजा बोटीची. बीटीएसच्या सफान ताक्सिन स्टेशनखालीच साथोर्न धक्का आहे, तिथून चाओ फ्राया नदीवर नारिंगी झेंड्याची बोट पकडा, कुठेही उतरा तिकीट १६ बाथ. शेजारी टुरिस्ट बोटीचा चकचकीत काउंटर असतो आणि तिथली पोरगी गोड बोलून दिवसाचा पास गळ्यात मारते, तो वाईट नाही पण तुम्हाला गरज नाही. दुसरी बोट सेन सेप कालव्यातली, ही ऑफिसला जाणाऱ्यांची, पाणी काळंकुट्ट, वेग भन्नाट, आणि कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या कडेवरून लोकलच्या फुटबोर्डवर लटकल्यासारखा चालत तिकिटं फाडतो. कडेला बसलात तर उडणारं पाणी अडवायला ताडपत्रीची दोरी ओढायची जबाबदारी तुमची. आजी-आजोबांना ह्या बोटीत चढवू नका, ती धक्क्याला थांबते म्हणेपर्यंत निघते.

टुकटुक एकदा करायची, हौसेसाठी, रात्री, भाव आधी ठरवून. रोजच्या फिरण्याला ग्रॅब किंवा बोल्ट ॲपची गाडी स्वस्त पडते.

पायरी ५: पहिली मोठी सकाळ

हॉटेलमधून साडेसातला बाहेर. ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बाथ, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फाटक्या जीन्स आणि लेगिंग्जवरून पण परत पाठवतात. शाही कार्यक्रम असला तर काही भाग बंद असतो, तेवढं आदल्या रात्री त्यांच्या अधिकृत साइटवर बघा. आणि एकदा बघितलंत की मग रस्त्यात कितीही सभ्य दिसणारा, इस्त्रीच्या शर्टातला, आयकार्ड लावलेला माणूस म्हणाला की "आज पॅलेस बंद आहे, बुद्धाचा खास दिवस आहे, मी तुम्हाला २० बाथमध्ये टुकटुकने दुसरीकडे फिरवतो", तर ऐकायचं नाही. ती टुकटुक तुम्हाला रत्नांच्या आणि सूटच्या दुकानात नेते. वर्षानुवर्षं हाच डायलॉग चालू आहे आणि तरी माणसं फसतात, कारण तो माणूस खरंच फार नम्र असतो.

१७८२ मध्ये पहिला राम ह्या राजाने नदीच्या ह्या काठावर राजधानी आणली तेव्हाचा हा राजवाडा. आत वाट फ्रा केओ, तिथला "पाचूचा बुद्ध" जेमतेम ६६ सेंटीमीटरचा, उंच सिंहासनावर, आणि खरं तर तो हिरव्या जेडचा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असा वर्षातून तीनदा त्याचा पोशाख राजा स्वतः बदलतो. आत फोटो काढायचा नाही.

बहुतेक लोक बुद्ध बघून, सोन्याच्या स्तूपासमोर सेल्फी काढून निघतात, आणि चारही बाजूंच्या ओसरीकडे कोणाचं लक्षच जात नाही. तिथे भिंतीवर १७८ भागांत अख्खं रामायण रंगवलंय, त्यांचं रामाकिएन. सावली पण असते, पंख्याची गरज नाही, तास-दीड तास सहज काढा. आपल्या माणसाला इथे गाईड लागत नाही, सीताहरण कुठलं आणि सेतू कुठला ते लांबूनच कळतं, पण मग हळूहळू गोंधळ उडायला लागतो. राम हिरवा, हनुमान पांढराशुभ्र, जांभई देतो तेव्हा तोंडातून चंद्र-तारे बाहेर पडतात, आणि हा हनुमान अजिबात ब्रह्मचारी नाही! सेतूचे दगड पळवणारी मासोळी-राजकन्या सुवन्नमच्छा, म्हणजे रावणाचीच मुलगी, तिच्या प्रेमात पडतो आणि त्यांना मच्छानू नावाचा मुलगा होतो. आपल्याकडे मारुतीच्या घामाच्या थेंबापासून मकरध्वज झाला असं सांगून विषय मिटवलाय, यांनी सरळ प्रेमकहाणीच रंगवली. सोबत आजी असेल तर ही गोष्ट सांभाळून सांगा.

तिकिटात सहसा साला चालर्मक्रुंग थिएटरमधल्या छोट्या खोनच्या प्रयोगाचाही समावेश असतो, तिकीट घेतानाच कुठल्या वेळेला आहे आणि बस कुठून सुटते ते विचारून ठेवा. खोन म्हणजे मुखवटे घालून केलेलं रामाकिएनचं नृत्यनाट्य. भिंतीवर आत्ताच बघितलेली पात्रं समोर नाचताना बघायला खरंच भारी वाटतं, आणि थिएटर एसी आहे.

मग वाट फो, ३०० बाथ. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, पायाच्या तळव्यांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं. मागच्या बाजूने १०८ कांस्याची भांडी ओळीने ठेवलीयेत, सुट्टी नाणी घेऊन एकेकात टाकत जायचं, तो टणटण आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमत असतो. थाई मसाजची जुनी शाळा पण इथेच आवारात, चालून पाय दुखत असतील तर इथेच अर्धा तास देऊन टाका, रस्त्यावरच्या दुकानापेक्षा महाग आहे पण हात पक्के आहेत.

समोरच था तिएन धक्का, तिथून पलीकडे जायला फेरी, ५ बाथच्या आसपास. पलीकडे वाट अरुण, २०० बाथ. लांबून पांढरा दिसतो आणि जवळ गेलं की कळतं की सगळा चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलाय, फुलं, पाकळ्या, बशांचे काठ. वरती ऐरावतावर बसलेला इंद्र शोधा. पायऱ्या उभ्या आहेत, गुडघेवाल्यांनी खालून बघावं, काही बिघडत नाही. आणि हो, थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्यांची इथे एवढी गर्दी असते की तुमच्या प्रत्येक फोटोत एक तरी राजकन्या येणार.

हे सगळं उरकून दुपारी तुम्ही मोकळे. १००० बाथ एका सकाळी गेले हे खरं, पण बाकीची बरीच देवळं फुकट किंवा अगदी स्वस्त आहेत.

पायरी ६: दुपार

दुपारी शूर बनू नका. झोपा, किंवा एसीत जा. सियामचे मॉल आहेतच, पण नॅशनल स्टेडियम स्टेशनजवळचं जिम थॉम्पसन हाउस मॉलपेक्षा बरं, हा अमेरिकन माणूस थाई रेशमाचा धंदा जगभर घेऊन गेला आणि १९६७ मध्ये मलेशियाच्या डोंगरात फिरायला गेला तो परत आलाच नाही, त्याची जुनी सागवानी घरं जोडून केलेलं घर गाईड दाखवतो. नॅशनल म्युझियम पण चांगलं, सोमवार-मंगळवार बंद. शनिवार-रविवार असेल तर चाटुचाक बाजार, पण तिथे सकाळी जा, दुपारी त्या पत्र्याखाली भट्टी होते. भाव करायचा, पण आपल्यासारखा अर्ध्याहून कमीपासून नाही, दोन-तीन वस्तू एकदम घेऊन "थोडं कमी करा" म्हटलं की हसून करतात. आवाज चढवला की मात्र हसू जातं आणि भावही.

पायरी ७: आपल्या देवांची संध्याकाळ

ही पायरी कुठल्याच पॅकेजात नसते आणि मला सगळ्यात आवडते तीच. चित लोम स्टेशनला उतरा, स्कायवॉकवरूनच खाली एरावन दिसतं. चौकात, मॉलच्या आणि पंचतारांकित हॉटेलच्या मधे, चतुर्मुख ब्रह्मदेव. आपल्याकडे ब्रह्मदेवाला कोणी विचारत नाही, इथे रांग असते. १९५६ मध्ये शेजारचं हॉटेल बांधताना एकामागून एक अपघात व्हायला लागले म्हणून ज्योतिषाने सांगून हे ठाणं बसवलं. नवस फेडायला लोक तिथल्या नर्तकींना पैसे देतात आणि त्या मुकुट घालून तिथेच नाचतात, लाकडी हत्ती वाहतात, झेंडूच्या माळांचा ढीग पडतो. चारही तोंडांसमोर उदबत्ती लावत प्रदक्षिणा घालायची.

तिथून चालत पुढे सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोर त्रिमूर्ती आणि गणपती शेजारी शेजारी. गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला त्रिमूर्तीसमोर तरुण पोरापोरींची झुंबड, हातात लाल गुलाब, मागणं एकच, चांगला जोडीदार मिळू दे. लग्नाळू पोरगा घरात असेल तर गुरुवार धरून प्लॅन करा. जवळच गेसोर्न मॉलच्या वरच्या मजल्यावर लक्ष्मी आहे, तिथे शांत असतं.

गणपती तर शहरभर. त्यांच्या कला खात्याच्या चिन्हातच तो आहे, त्यामुळे नट, गायक, चित्रकार सगळे त्याचे भक्त. हुआई ख्वांगच्या चौकातला गणपती रात्री उशिरापर्यंत जागा असतो, दूध, केळी, ऊस, मिठाई सगळं वाहतात. एक दिवस जास्तीचा असेल तर दीड-दोन तासांवर छाछेंगसाओला वाट समान रत्तनारामचा भलामोठा गुलाबी आडवा पहुडलेला गणपती बघून या, तिथे उंदराच्या कानात इच्छा सांगायची असते आणि सांगताना त्याचा दुसरा कान हाताने बंद करायचा, नाहीतर तिकडून निघून जाते म्हणे.

सिलोमचं श्री महामरिअम्मन मंदिर १९व्या शतकात तमिळ लोकांनी बांधलेलं. नवरात्रात शेवटच्या रात्री देवीची मिरवणूक निघते तेव्हा सिलोम रोड बंद होतो आणि रस्त्यावर निम्म्याहून जास्त थाई माणसं. जुन्या शहरात साओ चिंगचा म्हणजे लाल सागवानी मोठा झोपाळा, त्यावर ब्राह्मण तरुण उंच झोके घेत नाण्यांची थैली दातात पकडायचे, १९३५ पासून ते बंद झालं. शेजारच्या छोट्या देवस्थानात शिव, गणपती आणि विष्णू, आणि राजघराण्याचे थाई ब्राह्मण पुरोहित अजून आहेत, पांढऱ्या कपड्यात, डोक्यावर शेंडी नाही, अंबाडा.

पायरी ८: पोटाचं बघा

मासे-मटण खाणाऱ्यांना काही सांगायची गरज नाही, ठेल्यावर जिथे थाई लोकांची रांग तिथे उभं राहा. प्रश्न शाकाहाऱ्यांचा. तिथे "नो मीट" म्हटलं की भाजीत मटण नसतं, पण नाम प्ला म्हणजे फिश सॉस असतो, ऑयस्टर सॉस असतो, सोम तामच्या पपईत आणि पॅड थाईमध्ये सुकट असते. म्हणून दोन वाक्यं पाठ करा. "किन जे" म्हणजे मी "जे" प्रकारचं खातो, आणि "माई साय नाम प्ला" म्हणजे फिश सॉस घालू नका. "जे" हा तिथला कडक शाकाहार, अंडं-दूध पण नाही आणि लसूण-कांदाही नाही, त्यामुळे आपल्या मर्यादशील मावशींनाही चालतो, फक्त कंदमुळं न खाणाऱ्या जैन मंडळींनी ते वेगळं सांगावं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "เจ" असं चिन्ह असतं, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. ऑक्टोबरच्या आसपास नऊ दिवसांचा "जे" उत्सव येतो, तेव्हा याओवारात ह्या चायनाटाउनभर पिवळे झेंडे, शाकाहाऱ्यांची चंगळ. तिखट कमी हवं तर "फेत नित नोय". आपल्याला वाटतं आपण कोल्हापूरचे, पण त्यांची छोटी मिरची वेगळी चीज आहे.

तीन दिवसांनी वरण-भाताची आठवण येणारच, तेव्हा फाहुरात. साम योत स्टेशनहून चालत. कापडाच्या दुकानांची गल्ली, पंजाबी व्यापाऱ्यांची वस्ती, सोनेरी घुमटाचं गुरुद्वारा, आजूबाजूला सामोसे, जिलबी, चहा, पान. गुरुद्वाऱ्यात सकाळी लंगर मिळतो, डोकं झाकून जायचं आणि पानात टाकायचं नाही.

मार्च ते मे गेलात तर मँगो स्टिकी राइस सोडू नका. नाम दोक माई आंबा, नारळाच्या दुधातला चिकट भात. हापूसशी तुलना करायला बसाल तर दोन्हीची मजा घालवाल. नळाचं पाणी पिऊ नका, ठेल्यावरचा नळीसारखा भोक असलेला बर्फ मात्र फॅक्टरीतला असतो, चालतो.

पायरी ९: रात्र

आता डोळा मारणाऱ्यांचा विषय. बँकॉकची रात्र एक नाही, पाच-सहा वेगवेगळ्या आहेत, आणि आपल्याला कुठली हवी ते ठरवून निघायचं.

घरचे सोबत असतील तर याओवारात, म्हणजे चायनाटाउन, वाट मंगकोन स्टेशन, सातनंतर. निऑनच्या पाट्या, फुटपाथवर टेबलं, भाजलेले चेस्टनट, डाळिंबाचा रस. सोमवारी बरेच ठेले बंद असतात. तिथून पाक ख्लोंग तलात फुलबाजार, चोवीस तास चालू, पण रात्री दहानंतर ट्रक उतरतात तेव्हा बघा, झेंडू पोत्याने, कमळाच्या कळ्या जुड्यांनी. फुकट आणि पोरांनाही नेता येतं.

बॉक्सिंग आवडत असेल तर राजदमनर्न स्टेडियम, १९४५ पासूनचं. मॅचच्या आधी खेळाडू गुरूला वंदन करत संथ नाचतात आणि सनईसारखं वाद्य वाजत राहतं, प्रत्येक फेरीत त्याची लय चढत जाते. तिकीट स्टेडियमच्या साइटवरून काढा, गेटवरच्या एजंटकडून नको.

रूफटॉप बार हा महाग प्रकार, लेबुआ हॉटेलच्या ६३व्या मजल्यावरून नदीचा वळसा दिसतो तो खरंच बघण्यासारखा, पण एका ड्रिंकच्या पैशात खाली चौघं जेवतील. चप्पल, हाफ पँट चालत नाही. काचेच्या जमिनीवर उभं राहायची हौस असेल तर महानखोन टॉवर, ३१४ मीटर, तिथे दारू प्यायची सक्ती नाही. आणि पैसे वाचवायचे तर वाट साकेतच्या टेकडीवर सूर्य मावळायच्या वेळेला चढा, साडेतीनशेच्या आत पायऱ्या, शहर तेवढंच छान दिसतं.

गाणी ऐकायची तर व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळ सॅक्सोफोन पब, जॅझ-ब्लूज रोज रात्री, कपडे कसेही चालतात. थाई तरुण नाचतात कुठे ते बघायचं तर थाँगलोर, एक्कमाई किंवा आरसीए. तिथे टेबल धरून बाटली, सोडा, बर्फ असं एकत्र मागवायची पद्धत, चौघांत स्वस्त पडतं. क्लबमध्ये वय २० पूर्ण लागतं, पासपोर्ट बघतात. खाओसान म्हणजे गोऱ्या बॅकपॅकर्सची जत्रा, बादलीतून दारू, गोंगाट, तासाभरात कंटाळा येतो, मग शेजारच्या रांबुत्री गल्लीत बसा. सिलोमची सोई ४ (सोई म्हणजे गल्ली) समलिंगी लोकांची, मोकळी, मजेदार, कोणीही जाऊ शकतं. थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे.

एक व्यावहारिक गोष्ट, नाना नावाच्या दोन जागा आहेत. चायनाटाउनची सोई नाना म्हणजे जुन्या घरांतले छोटे झकास बार. सुखुमवितचा नाना प्लाझा म्हणजे गो-गो बारची तीन मजली इमारत. टॅक्सीवाल्याला नुसतं "नाना" सांगाल तर तो दुसऱ्याच ठिकाणी नेणार, सासूबाई सोबत असतील तर पंचाईत.

नाना प्लाझा, सोई काउबॉय, पातपोंग हे लाल दिव्याचे भाग. कुतूहल म्हणून रस्त्याने चक्कर मारणारी जोडपीही दिसतात, त्यात काही नाही. पण वेश्याव्यवसाय तिथे कायद्याने बेकायदेशीरच आहे, आणि तिथल्या बाया नोकरी करतायत, त्यांचे फोटो काढणं, ग्रुपने हसणं, व्हिडिओ कॉल लावून मित्रांना दाखवणं हे आपले लोक करतात आणि बघून लाज वाटते. पातपोंगला "वर शो आहे, बिअर १०० बाथ" म्हणून वरच्या मजल्यावर नेणाऱ्याच्या मागे जाऊ नका, खाली येताना बिल हजारांत असतं आणि दारात आडदांड माणूस. अडकलात तर टुरिस्ट पोलीस ११५५, इंग्रजीत बोलतात.

बार साधारण एक-दोनपर्यंत, काही भागांत परवाना असलेले क्लब चारपर्यंत. बुद्ध पौर्णिमेसारख्या सणांना दारूविक्री बऱ्याच ठिकाणी बंद असते, आणि दुकानातल्या विक्रीच्या वेळा अलीकडे बदलत आल्यात, काउंटरवरची मुलगी नाही म्हणाली तर वाद घालू नका.

पायरी १०: ह्या गोष्टी अजिबात नाही

राजघराण्यावर टिंगल नाही, अगदी मराठीतून फेसबुकवर पण नाही, ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. नोटेवर राजा असतो, पडली तर पायाने दाबू नका. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागतं, सगळे थांबले की तुम्हीही थांबा. बुद्धाकडे पाय करून बसायचं नाही, भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही. व्हेप नेऊच नका, तिथे बंदी आहे. गांजाची दुकानं दिसतील, २०२२ मध्ये मोकळीक दिली होती पण जून २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणली, आणि बँकॉकहून आणलेला गांजा मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचतच असाल, म्हणून येताना कोणी अनोळखी "ही छोटी बॅग तेवढी न्याल का" म्हणाला तर कितीही गोड असो, नाही.

पायरी ११: शेवटचा दिवस

रात्रीचं विमान असेल तर दिवस हॉटेलच्या लॉबीत घालवू नका, बॅगा तिथेच ठेवून अयुथ्यापर्यंत जाऊन या, ८० किलोमीटरवर. १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने जाळलेली जुनी राजधानी, झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं डोकं तिथलंच. ट्रेनचं थर्ड क्लासचं तिकीट वडापावच्या भावात मिळतं, पण परतीच्या ट्रेन उशिरा धावतात, म्हणून दुपारी दोनची पकडायचीच असं ठरवून जा. विमान सकाळचं असेल तर हा बेत रद्द.

विमानतळावर तीन तास आधी. इमिग्रेशन पार केलं की समोरच समुद्रमंथनाचा प्रचंड देखावा आहे, वासुकीला ओढणारे देव एका बाजूला आणि असुर दुसऱ्या, वर विष्णू. सगळे तिथे फोटोला थांबतात आणि गेट तिथून वीस मिनिटांच्या चालीवर असू शकतं, तर आधी बोर्डिंग पासवरचं गेट बघा, मग फोटो.